आधी चूक, मग जेवण

टेंभरे मॅडम शिक्षण परिषदेला आल्या की खुर्ची उचलायच्या आणि फ्लेक्सकडे पाठ करून बसायच्या. फ्लेक्सवर त्यांचाच हात जोडलेला फोटो असायचा. "तिले कायले पाहू? रोज आरशात भेटते," म्हणायच्या. केंद्रप्रमुख म्हणून त्या आमच्याकडे रुजू झाल्या त्या दिवशी स्वागताचा गुलदस्ता त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या बाईंच्या हाती दिला आणि आम्हाला विचारलं, आज शिकायचं काय आहे? हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

शिक्षण परिषद म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात आणि एकमेकांकडून शिकतात, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, एक नमुना पाठ, त्यावर टाळ्या, गटचर्चेचा फोटो, जेवण आणि आभार. फोटो आधी काढतात. चर्चा वेळ उरला तर. यजमान शाळेची अब्रू मात्र जेवणावर ठरते. आमगावकडच्या एका शाळेने बुंदी ठेवली तर पुढची शाळा गुलाबजाम ठेवणारच. शाळाशाळांतली एवढी निकोप स्पर्धा मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिली नाही.

मॅडमच्या पहिल्या परिषदेत नमुना पाठ डोंगरवार सरांचा होता. नोकरीत नवे, मनाने सरळ, त्यामुळे त्यांनी आठवडाभर पोरांची तालीम घेतली होती. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, हात कोणी वर करायचा तेही ठरलेलं. पण समोर मोबाइल धरून आम्ही सगळे उभे, त्यात सर गडबडले आणि मुख्य पिकाचा प्रश्न गाळून त्यांनी थेट नागझिऱ्याच्या जंगलात काय दिसतं ते विचारलं. पोरांनी एका सुरात सांगितलं, धान. सरांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने जिल्ह्याचं मुख्य ठिकाण विचारलं, तर उत्तर आलं, वाघ, बिबट आणि अस्वल. आम्ही दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. टाळ्याही ठरलेल्या होत्या.

आता सरांची काही धडगत नाही असं आम्हाला वाटलं. मॅडम एवढंच म्हणाल्या की पोरांनी आपलं काम चोख केलं, पुढच्या परिषदेत पाठ मी घेईन, आणि वर्ग कोणता ते मला त्याच दिवशी सांगायचं.

त्यांना तिसरीचा वर्ग मिळाला आणि बत्तिसातून सतरा वजा करायचे होते. मॅडम बोलण्यात पटाईत, पण बरीच वर्षं फळ्यापासून दूर. एककाच्या घरात दोनच आहेत, मग शेजारच्या घरून एक दहा उसना आणायचा, असं त्या रंगात येऊन सांगत होत्या. पहिल्या रांगेतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मंग वापस कवा करायचा?" मॅडमनी "ते नंतर" म्हणून तिला बसवलं. शेवटी पाट्या पाहिल्या तर अर्ध्या वर्गाने मोठ्या अंकातून लहान वजा करून पंचवीस लिहिलं होतं. त्या पोरीची पाटी कोरी होती.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणी पाठाला अप्रतिम म्हटलं, कोणी दिशादर्शक. मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझं काय चुकलं ते सांगा. त्याच्याशिवाय जेवण नाही."

शेजारच्या खोलीतून तळलेल्या पुऱ्यांचा वास येत होता. एक मुख्याध्यापक उठून म्हणाले की मॅडमची चूक एकच, त्या स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाहीत. एका शिक्षिकेला त्यांची नम्रता जरा जास्त वाटली. टेंभरे मॅडम ऐकत होत्या आणि हलत नव्हत्या. पुऱ्या निवाल्या, भाजीवर तेलाचा तवंग जमला. अखेर बिसेन गुरुजी उठले. निवृत्तीला आलेले, त्यात साखरेचा आजार, त्यांना उपाशी राहून चालत नसे. "मॅडम, त्या पोरीनं चांगलं विचारलं होतं," ते म्हणाले. "तुमी तिले बसवलं. तिच्या डोक्यात उसनवारी अटकून राहिली, गणित पुढं जाईन कसं?"

मॅडमनी मान हलवली आणि गुरुजींना पहिलं ताट वाढायला सांगितलं. मग हळूच कोणीतरी म्हणालं, माझ्याही वर्गात पंचवीसच येतात. आणखी एकाने दहा-दहा काड्यांच्या मोळ्या सुट्या करून हेच कसं शिकवलं ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही वातड पुऱ्या खाल्ल्या आणि नोकरीत पहिल्यांदा एकमेकांशी शिकवण्याबद्दल बोललो. पुढचे काही महिने हे असंच चाललं. फोटो काढायचे राहून जाऊ लागले.

पण चांगल्या गोष्टीची बातमी वर पोचतेच, आणि वर पोचली की तिचा उपक्रम होतो. आमच्या चुकांना 'चूक सांगू, पुढे जाऊ' असं नाव पडलं, फ्लेक्स छापला गेला आणि शिक्षण विभागाचे साहेब पाहायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी आम्ही चुका वाटून घेतल्या. मला फळ्यावरचं बारीक अक्षर आलं, डोंगरवार सरांना हळू आवाज. वजाबाकीचं कोणी घेतलं नाही, ते फार खरं होतं. साहेब भारावले. चुका याहून सकारात्मक असाव्यात, एवढीच सूचना त्यांनी केली. मॅडमना आमचं नाटक पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यानंतर दर महिन्याला प्रत्येक जण घरून एक निरुपद्रवी चूक घेऊन येऊ लागला आणि परिषद वेळेवर संपू लागली.

याच अवस्थेत मॅडमची निवृत्ती आली. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भाषणं. अनुभवातून शिकून आम्ही जेवण आधीच उरकलं होतं. भाषणं संपल्यावर मॅडम म्हणाल्या की आजवर मी तुमच्यासोबत काय चुकली ते एकाने तरी सांगा. आता उपाशी ठेवायची सोयही त्यांच्या हाती नव्हती.

डोंगरवार सर उठले. मागून कोणीतरी त्यांचा शर्ट ओढला.

"साहेब आले त्या दिवशी आमी नाटक केलं," ते म्हणाले. "तुमाले मालूम होतं. तुमी थांबवलं काऊन नाही?"

निरोपाच्या समारंभात सत्कारमूर्तीला असं विचारताना मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं. मला सरांचा राग आला आणि लगेच हेवाही वाटला. मॅडमनी अंगावरची शाल उतरवून मांडीवर ठेवली.

"भेली होती मी," त्या म्हणाल्या. "माझं नाव होऊन राहिलं होतं ना, सर. ते सोडवलं नाही." मग त्यांचे डोळे भरून आले. "पण तुमी आज न भेता विचारलं. आता मी गेली तरी चालते."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. आम्ही आत गोल करून बसलो होतो आणि डोंगरवार सर आपल्या वर्गात काय जमत नाही ते सांगत होते.