पायरीवरचे बूट

अगो मनू, फोनवरून तुझा कान धरता येत नाही म्हणून वाचलीस! रविवारी आजीच्या चपला पायात घालून गेलीस आणि तुये गावच्या फॅक्टरीतले तुझे ते जाड बूट माझ्या पायरीवर ठेवलेस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझे आजोबा खाणीवर जायचे, तेव्हा त्यांचेही असेच बूट होते. तांबड्या मातीने माखलेले, रबराचा नि घामाचा वास येणारे. एका संध्याकाळी खाणीवरचा ट्रक दारात थांबला. शेजारच्या बाबलोने बूट पायरीवर ठेवले, "वैनी, हे दादाचे," म्हणाला आणि निघूनही गेला. बूट आले, माणूस नाही! त्याच पावसाळ्यात खाणीत दरड कोसळली होती. चुलीवरची पेज तशीच टाकून मी अनवाणी धावत सुटले.

देवळाजवळ पोचले तर सप्ताहाचे भजन चालू होते आणि त्यात एकच आवाज बेसूर होता. तेच! आमच्या वाड्यातल्या घरांची भजनाची पाळी चुकू नये म्हणून ट्रकमधून थेट तिथेच उतरले होते.

"अगो, देवळात बूट कसले न्यायचे?" वर मलाच विचारतात!

तेव्हा राग आला होता. आता तो बेसूर आवाज एकदा तरी कानावर पडावा असे वाटते. रिकामे बूट मात्र अजून बघवत नाहीत गो, सारखी दारात जाऊन येते. लवकर ये. आणि बूट न्यायला तूच ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.