फौजदाराची दाढी

आता कुठून सुरुवात करू? माझ्या शहाणपणाचा हा किस्सा आहे, आणि तो मीच सांगितलेला बरा, नाहीतर सासूबाई तिखटमीठ लावून सांगतात. चहा घ्या, पण एक अट आहे. हसायचं ते हळू!

माझी सासुरवाडी सोनगीर. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे जावयाचा थाट काय विचारता! मी जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधला साधा कारकून, पण सोनगीरला एसटीतून उतरलो की थेट कलेक्टर झाल्यासारखं वाटायचं.

सासऱ्यांना, म्हणजे नानांना, बाजरीच्या कापणीत लाव्याची दोन पिल्लं सापडली होती. ओसरीवर जाळीच्या खुराड्यात ठेवलेली. माझी बायको कमल महिनाभर आधीच माहेरी आलेली. तिनंच त्यांना वाळवी चारून वाढवलं होतं.

फराळ झाला आणि नानांनी विषय काढला. "जवाईबापू, पोर हुशार शे. धुयाले मास्तरीननं ट्रेनिंग करानं म्हनस. तुम्हनं काय म्हननं शे?"

कमलला म्हणे मास्तरीण व्हायचं! ही राहणार दोन वर्षं धुळ्याला, आणि मी जळगावात खाणावळीचं वरण पीत बसू? पण सगळ्यांसमोर सरळ नाही म्हणायला जीभ रेटेना. मग नजर गेली खुराड्याकडे. एका पिल्लाच्या गळ्याखाली काळं धरायला लागलं होतं. दुसरं आपलं मातकट, फिकट.

"नाना, हा काळा नर आहे. ही फिकी मादी."

"कसं काय वयखं?"

"दाढी फुटतेय की त्याला!"

नानांनी मान डोलावली. त्यांनी पाहिलेल्या लाव्यांत छातीला काळं असायचं ते नराच्याच. मग काय, मला चेवच चढला! काळ्याचं नाव मी ठेवलं फौजदार, फिकीचं चिमी. "फौजदार बाहेर लढणार, चिमी घरात अंडी उबवणार. निसर्गाचा नियम आहे, नाना! तो बदलणारे आपण कोण?"

कमल खुराड्याशी बसून निरखत होती. "नाना, यास्ले मांगलं बोटच नही. लाव्याले ऱ्हास. हाई पाखरू काही येगळंच शे."

"अगं, लहान आहेत अजून. फुटेल मागचं बोट!" मी म्हणालो.

बोट फुटेल! दात आहे का तो फुटायला? पण जावई बोलला म्हणजे झालं, ओसरी हसली. "आखाजीले देखू," म्हणून नानांनी विषय अक्षय तृतीयेवर ढकलला.

गल्लीत माझी कीर्ती अशी पसरली की लोक कोंबडीची पिल्लं माझ्यापुढे आणायला लागले. मी डोळे बारीक करून सांगायचो, नर, मादी, नर, नर! निम्मं तर बरोबर येतंच हो!

आखाजीला आम्ही पुन्हा सोनगीरला गेलो. गल्लीत झोके, गाणी, घर माहेरवाशिणींनी भरलेलं. फौजदाराचा गळा आता काळाभोर झाला होता. खुराड्यात घुमत काय होता, पाणी ठेवायला गेलं की हातावर धावून काय येत होता! नानांनी पुन्हा धुळ्याचं काढलं. मी भर ओसरीवर उभा राहिलो. "हा फौजदार मादी निघाला ना, तर तुमची लेक खुशाल धुळ्याला जाऊ दे आणि पोरं मी जोजवीन!"

कमलनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "शब्द?"

"शब्द!"

दुसऱ्या सकाळी सासूबाईंची, अक्कांची, आरोळी. "अव माय! बठ्ठा या! फौजदारनी अंडं दिन्हं!"

"चिमीचं असेल," मी म्हणालो. "तो नुसता राखण करतोय."

त्यानं, म्हणजे तिनं, पुढचं अंडं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत घातलं! मग अंग झाडलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा घुमायला लागली. आणि चिमी? म्हणजे चिमीराव! पिसं फुगवून मुकाट्यानं अंड्यांवर जाऊन बसले. या जातीत असंच असतं म्हणे. मादी दाढीवाली, लढणारी. नर घरबशा.

अक्का म्हणाल्या, "जवाईबापू, देखा! तुम्हना नियम अंडासवर बसेल शे!"

ओसरीवर हसून हसून लोक लोळायचे बाकी राहिले. कमल तेवढी हसली नाही. शांतपणे म्हणाली, "मग ट्रंक काढू ना?"

खरं सांगतो, त्या वेळी ती मला जेवढी आवडली, तेवढी बोहल्यावरही आवडली नव्हती. ती मास्तरीण झाली, वर्गभर पोरींना आता नुसत्या नजरेनं गप्प करते. शाळेच्या खिडकीतून मी चोरून पाहिलंय. काय तो रुबाब! आणि मला तिला घरात बसवायचं होतं.

आमचं जिनिंग पावसाळ्यात बंद. मी सध्या घरीच असतो. तुम्ही केव्हाही...

अहो, हळू! किती मोठ्यानं हसता! उठवलंत ना पोरीला? आता फौजदार शाळेतून येईपर्यंत पाळण्याची दोरी या चिमीलाच ओढायची आहे!