फोनवरचं दुखणं

गुरुलिंगअण्णांच्या आवाजाला फोनची गरजच नव्हती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून शेजारच्या मंद्रूप गावाकडं तोंड करून ते बोलले असते, तरी निम्मा निरोप पोचला असता. पण दुष्काळानंतर सरकारनं आमच्या गावाला एकच फोन दिला, आणि पोस्टाची शाखा अण्णांच्या किराणा दुकानात असल्यामुळं तो त्यांच्याच हाती पडला. तेलाचा डबा आणि गुळाची ढेप यांच्या मधोमध तो काळा फोन बसला. अण्णांच्या बायकोनं, दानम्मानं, त्याला विभूती लावली आणि लांबूनच हात जोडले.

फोनवरून काय करायचं ते गावाला ठाऊक नव्हतं. ते अण्णांना सुचलं. सोलापुरातले डॉक्टर वेणीमाधव त्यांच्या ओळखीचे होते. अण्णांनी त्यांना गळ घातली. पेशंटला सोलापूरला न्यायचं म्हणजे दिवस मोडतो, एस.टी. चुकली तर मुक्काम पडतो. त्यापेक्षा दुपारी तुमचं जेवण झालं की मी फोन लावतो, दुखणं सांगतो, तुम्ही औषध सांगा. डॉक्टर भला माणूस, हो म्हणाला. औषधाची पुडी संध्याकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडून यायची. वीरभद्रप्पाच्या नातीचे जुलाब असे फोनवर थांबले, तेव्हा अण्णांची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण दोन महिने लागलं नाही.

अडचण एवढीच की लाइनीत कायम खरखर असायची. अण्णा ओरडायचे. दुपारची वेळ, दुकानासमोरच्या पारावर माणसं बसलेली. कुणाला काय झालंय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळायचं. एकदा गंगम्मा आली. तोंडाला पदर लावून तिनं अण्णांच्या कानात काहीतरी सांगितलं. अण्णांनी मान डोलावली, फोन उचलला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं,

"अंगावरून पांढरं जातंय म्हनं, डाक्टरसाहेब. पांढरं. न्हाय, न्हाय, केस न्हवं. अंगावरून."

पारावर कुणीतरी खोकलं. गंगम्मा त्यानंतर दोन आठवडे पाण्याला आली नाही.

त्यानंतर आमच्या गावात एक चमत्कार झाला. बायकांची सगळी दुखणी नाहीशी झाली आणि उरली ती फक्त डोकेदुखी. काशम्माचं डोकं, निंगव्वाचं डोकं, वीरभद्रप्पाच्या दोन्ही सुनांचं डोकं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं,

"गुरुलिंग, तुमच्या गावातल्या बायकांच्या डोक्याला झालंय तरी काय?"

"ऊन लई हाय की हितलं," अण्णा म्हणाले. गावाच्या उन्हाचा त्यांना अभिमान होता.

डॉक्टर गोळ्या पाठवत राहिले.

दानम्मानंही एक दिवस डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अण्णांनी त्या दुपारी फोनवर आणखी जोर लावला. "घरचंच मानूस हाय, साहेब. जरा चांगल्यातल्या गोळ्या द्या." चांगल्यातल्या गोळ्या आल्या. दानम्मा त्या घ्यायची, भाकऱ्या थापायची, दुकानात गिऱ्हाइकाला साखर तोलून द्यायची. हळूहळू ती डाव्या हातानं तोलायची बंद झाली. अण्णा तिला चिडवायचे, "आता एका हाताचा संसार करनार काय गं?" ती हसायची. तिला सुंदर हसता यायचं, पुढचा एक दात पडलेला होता तरी.

पुढं एका सकाळी तिच्या चोळीला रक्त लागलेलं अण्णांनी पाहिलं. छातीत गाठ होती. ती फुटली होती.

गावात एस.टी. संध्याकाळचीच, म्हणून बैलगाडीनं मंद्रूप, तिथून एस.टी.नं सोलापूर. डॉक्टर वेणीमाधवांनी तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "वर्ष तरी झालं असेल याला. खांद्यापर्यंत गेलंय," ते म्हणाले. "गुरुलिंग, मला फोनवर तू डोकं सांगत होतास."

"तिनं मला तेच सांगितलं की."

परतीच्या एस.टी.त अण्णांनी तिला विचारलं. आवाज खाली आणायची त्यांना सवय नव्हती, तरी त्यांनी आणला.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमाला कसं सांगू?" दानम्मा म्हणाली. "तुमाला सांगायचं म्हंजी गावाला सांगायचं. गंगीचं काय झालं ते मी बगितलं न्हवं का? तुमी वाईट न्हाय हो. तुमी मोठ्या आवाजाचं हाय." मग ती खिडकीबाहेर बघत "साकु" म्हणाली. आमच्याकडं कानडीत पुरे म्हणायचं असलं की असं म्हणतात.

अण्णांनी तारवाल्या शरणप्पाच्या हातापाया पडून फोनची तार लांब करून घेतली आणि फोन आतल्या खोलीत, दानम्माच्या अंथरुणाशी नेला. शरणप्पा नियमाबाहेर काही करणारा नव्हता, पण दानम्माला बघून त्यानं नियम काढला नाही. रोज दुपारी अण्णा फोन लावायचे, तिच्या कानाशी धरायचे, तिनं तो नीट धरला की बाहेर यायचे आणि दार ओढून घ्यायचे. पारावरची मंडळी सवयीनं दुकानाशी सरकली, तेव्हा अण्णांनी त्यांना पहिल्यांदाच घरी जायला सांगितलं.

दार बंद झालं की ते गुळाच्या ढेपेशेजारी बसून राहायचे. आतून शब्द कळायचे नाहीत, नुसतं कुजबुजल्यासारखं यायचं. दानम्मा लाइनीतल्या खरखरीतही हळूच बोलायची आणि तरी डॉक्टरांना ते ऐकू जायचं. हे कसं होतं ते अण्णांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

ज्वारी काढायच्या दिवसांत दानम्मा गेली. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला मळ्यात बसवलेल्या अवस्थेत माती दिली. जंगमांनी मंत्र म्हटले. अण्णांच्या तोंडून एक शब्द आला नाही, आणि गावाला ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा सोलापूरला डॉक्टरांकडं गेले.

"साहेब, ती रोज काय बोलायची तुमच्याशी?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून त्यांना बसवलं. "दुखण्याचं बोलायच्या. आणखी पुष्कळ बोलायच्या. पण ते त्यांनी मला सांगितलंय, गुरुलिंग. ते मला तुला सांगता येणार नाही."

अण्णा उठले. "बराबर हाय," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन वळले. "येवढंच सांगा. रडायची का?"

"दोनदा रडल्या," डॉक्टर म्हणाले. "आणि शेवटच्या आठवड्यात एकदा खूप हसल्या. मलाही हसू आवरेना."

अण्णा एस.टी.नं गावी परतले. फोन त्यांनी आतल्या खोलीतच ठेवला. बायका येतात, दार लावून बोलतात, अण्णा दुकानात साखर तोलतात. मधूनच त्यांचा हात तागडीवर थांबतो. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा हिशेब चुकला. पण हिशेब वेगळाच असतो. दानम्मा कशाला हसली असेल, ते त्यांना अजून लागत नाही.