दोनावरएक मावशी

मावशींचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्यांना दोनावरएक मावशी म्हणत, आणि तेही अगदी तोंडावर, कारण त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात शिरलं की लोकांना भाजी दिसते, पाव दिसतो. मावशींना आधी पिवळी चिठ्ठी दिसायची. दोन घ्या, तिसरं फुकट. मग ती चिठ्ठी साबणाखाली आहे की माशांच्या खाद्याखाली, हा प्रश्न नंतरचा. एकदा खरंच माशांचं खाद्य आलं होतं. घरात मासा नव्हता.

तशा त्या कामात चोख. लाँड्रीच्या शेजारी त्यांची कपडे दुरुस्तीची एवढीशी खोली. पँटची चेन बदलायची, घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं आत घ्यायचं. मशीन जुनं, पण टाका इतका सरळ की गिऱ्हाईक कपडा उलटा करून बघायच्या भानगडीत पडत नसे. लहान मुलांचे कपडे आले की मावशी शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड सोडायच्या. शिवणकामात त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. "आत माया ठेवलीय हं," त्या मुलाच्या आईला बजावायच्या, "पोर वाढलं की घेऊन या, उसवून देते." शाळेचा एकेक गणवेश त्या मायेवर दोन-दोन वर्षं निघायचा.

हाच हिशेब त्यांनी घरात लावला आणि तिथे घोटाळा झाला. चहा, टूथपेस्ट, सॉस, कपडे धुवायची पावडर, प्रत्येक गोष्टीला त्या माया सोडायला लागल्या. नवऱ्याने काही म्हटलं की उत्तर तयार. "असू दे थोडं जास्तीचं. साबण काय खायला मागतो?"

साबणाच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं, हे कबूल करायलाच हवं. साबण रोज लागतो, नासत नाही आणि जास्त आहे म्हणून कुणी दोनदा अंघोळ करत नाही. पण सगळ्याच वस्तू साबणासारख्या गुणी नसतात. बिस्किटांचा एक पुडा घरात असायचा तेव्हा तो आठवडाभर पुरायचा. तीन आले, तर तिन्ही मिळून आठवडाभरच पुरले. सॉसच्या तीन बाटल्या आणल्या, त्यातली एक खाल्ली, एक शेजारी दिली, एक मुदत उलटून गेली म्हणून ओतून टाकली. म्हणजे दोन बाटल्यांचे पैसे मोजून पोटात गेली एकच. मावशी मात्र त्या दिवशीही एक बाटली फुकट मिळाल्याच्या आनंदात होत्या.

त्यांचे यजमान, गल्लीचे काका, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. माणूस शांत, पण जिभेला धार. "पूर्वी मी ब्रशवर पेस्ट लावायचो," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आता पेस्टवर ब्रश ठेवतो. हिचा माल संपवायचा तर दातांनाच ओव्हरटाइम करायला लागणार."

माल राहायचा लेकीच्या खोलीत. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि खोली मोकळी पडली. आधी एक खोकं पलंगाखाली गेलं, मग पलंगावर, मग पलंग भिंतीला उभा केला. दाराआडून पावडरचा वास येऊ लागला.

आणि एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, माझी बदली झाली. तुमच्याच इथे."

मावशींच्या हातातली सुई खाली पडली. "अगं बाई! मग घरीच राहा की!"

"घरी कुठे, आई? मागच्या वेळी आले तेव्हा पावडरच्या खोक्यांशेजारी झोपले. सकाळी शिंका आवरेनात. मी भाड्याची एक खोली बघून ठेवलीय. मालकीणबाईंना रविवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"अगं, सामानच तर आहे. आज ना उद्या लागेलच. थोडं जास्तीचं असलं तर काय बिघडलं?"

"आई, गिऱ्हाइकांना तूच सांगतेस ना, माया फार झाली की कपडा अंगावर बसत नाही, आतून टोचत राहतो?"

आपलीच शिवण आपल्यालाच उसवून दाखवली होती पोरीने, आणि तीही बरोबर जागी. "रविवारी सकाळी ये," एवढंच त्या म्हणाल्या. "खोली बघ, मग काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या खोलीला कुलूप लागलं. मावशींनी पदर खोचला आणि खोकी बाहेर काढायला घेतली. गल्लीत बातमी फुटली तशी माणसं जमली. कुणी पावडर नेली, कुणी साबण नेले, माशांचं खाद्य लाँड्रीवाल्याच्या भाच्याने नेलं. काका दारात उभे राहून बसस्टॉपवर ओरडावं तसे ओरडत होते, "चला, पुढे सरका, आत भरपूर माल आहे!" तळाची पावडर दगड झाली होती, जॅमला बुरशी आली होती. एकेक वस्तू टाकताना मावशींचा जीव तीळतीळ तुटत होता.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. मावशी उघड्या फरशीवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. काकांना वाटलं, बाईला मालाचं दुःख झालं.

"ती गेली ना, तेव्हा ही खोली अशीच दिसायची," मावशी म्हणाल्या. "मला बघवायची नाही हो. म्हणून भरत गेले."

काकांनाही त्या दिवसांत त्या दारावरून जाववत नसे. पण तसं बोलून दाखवणाऱ्यातले ते नव्हते. ते बायकोशेजारी फरशीवर टेकले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

शनिवारी पलंग आडवा झाला, धुतलेली चादर आली. उशी तेवढी चपटी होऊन गेली होती, म्हणून मावशी सुपरमार्केटात निघाल्या. काकांनी जाताना तंबी दिली, "खोलीत आता एक टाचणी जरी जास्तीची शिरली ना, तर पोरगी उंबऱ्यावरून मागे फिरेल."

उशांखाली पिवळी चिठ्ठी होती. एकावर एक फुकट. मावशींनी डोळे मिटल्यासारखं केलं, एकच उशी उचलली आणि रांगेत उभ्या राहिल्या.

"मावशी, दुसरी घ्या ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "फुकट आहे."

"नको."

"अहो, आज शेवटचा दिवस आहे ऑफरचा."

"नको म्हटलं ना!" मावशी इतक्या जोरात म्हणाल्या की मागच्या बाई दचकल्या. मुलगी तर मावशींची तब्येत बरी आहे ना, अशा नजरेने बघत राहिली.

रविवारी लेक आली. खोलीच्या दारात थबकली, आत गेली, खिडकी उघडली, पलंगावर आडवी झाली. मावशी दारातूनच बघत उभ्या. मग लेकीने उशी दुमडून डोक्याखाली घेतली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली.

"आई, दुसरी उशी कुठाय? मला दोन लागतात. विसरलीस?"

मावशी विसरल्या होत्या. जगाचा सगळा जास्तीचा माल त्यांनी या खोलीत आणून भरला होता आणि पोरीला लागणारी एकुलती एक जास्तीची गोष्ट त्यांना आठवली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आहे ना," त्या घाईने म्हणाल्या, "वाळत घातलीय," आणि घरातल्याच चपला घालून त्या तडक रस्त्याला लागल्या.

दुकानात चिठ्ठी निघाली होती. "काल मी काय सांगत होते, मावशी?" काउंटरवरची मुलगी कळवळली. "आता पूर्ण किंमत पडेल."

"पडू दे. लवकर कर."

मावशी घरी पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी उशी लेकीच्या हातात दिली. "घे. एकावर एक फुकट होती."

लेकीने उशीवरच्या करकरीत प्लॅस्टिकवर हात फिरवला. "आणि ही अशीच वाळत घातली होतीस? प्लॅस्टिकसकट?"

काका मागून पुढे आले. "ऑफर तर काल संपली, तूच सांगत होतीस ना? अगं, तू पूर्ण पैसे मोजून आलीस?"

"हो, आले!" मावशी उसळून म्हणाल्या. "माझ्या लेकीला दोन उशा लागतात. त्याचं आता भांडवल करू नका."

लेक आईकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही उशा एकीवर एक रचल्या, त्यांना टेकून बसली आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार, मालकीणबाई. त्या खोलीचं म्हणत होते मी. नको मला आता," ती म्हणाली. "नाही, भाड्याची काही तक्रार नाही. मी माझ्याच खोलीत बसलेय."