हुबाऱ्याचा भात

मी बारावीत होते त्या हिवाळ्यात आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये एक पक्षी आला. बाबांच्या कंपनीच्या मालकाने तो पाठवला होता. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप विकणाऱ्या कंपनीत खरेदी आणि गोडाऊन बघायचे. मालक इथलाच, साठीचा अरब. ऑफिसात सगळे त्याला अरबाब म्हणत. दर हिवाळ्यात तो आपले ससाणे घेऊन बाहेरच्या देशात शिकारीला जायचा आणि येताना हुबारा आणायचा. हुबारा म्हणजे माळढोकाच्या जातीतला, पण आकाराने लहान पक्षी. तो मालकाच्या भावांकडे आणि मित्रांकडे जायचा. ऑफिसातल्या कोणाच्या घरी तो कधी गेल्याचं बाबांनी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मंदी होती. दुबईतली बांधकामं थांबली होती, त्यामुळे पाइप कोणी घेत नव्हतं. ऑफिसातली बरीच टेबलं रिकामी झाली होती. बाबांचं काय होणार हे कोणी सांगत नव्हतं आणि बाबा विचारत नव्हते. नोकरी गेली की बाबांचा व्हिसा जाणार, आणि त्यांच्यामागे आईचा आणि माझा. माझी बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती, सेंटर इथलंच. वर्षाच्या मध्यात बारावीच्या मुलीला भारतातली कुठली शाळा घेते, या प्रश्नाचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. मी तो प्रश्न कधी मोठ्याने विचारला नाही. अभ्यास करत राहिले. अभ्यासाला बसलं की खोलीचं दार लावता यायचं.

पक्षी आला तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. हॉलमध्ये आईने घट मांडला होता, समोर फळं, बाजूला पोथी. ड्रायव्हरने दारात एक आइसबॉक्स ठेवला, "अरबाब ने भेजा" म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. बाबांनी झाकण उघडलं. पिसं काढलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पक्षी.

"अहो, आज?" आई म्हणाली.

"त्यांना काय माहीत आज काय आहे ते."

"फ्रीजमध्ये नाही ठेवायचा. फ्रीजमध्ये नैवेद्याची खीर आहे."

"मग कुठे ठेवू? डोक्यावर?"

शेवटी बाबा खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आले आणि आइसबॉक्स बाल्कनीत गेला. आईने बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि वर पडदाही ओढला.

बाबांचे जुने सहकारी, वसईचे एक काका, त्यांना फोन गेला. काका कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि त्यांची नोकरी नुकतीच गेली होती. फोन स्पीकरवर होता.

"मला खजुराचा डबा दिला होता," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी लेटर. तुला अख्खा पक्षी दिला म्हणजे तुझं लेटर चार पानी असणार."

बाबा हसले. आई हसली नाही. "म्हणजे हे निरोपाचं आहे का?" तिने विचारलं.

"वहिनी, तो अरबाब आहे, मी अकाउंटंट. मला त्याचं मन कळलं असतं तर मी आज घरी बसलो असतो का?"

संध्याकाळी आरती झाली आणि मालकाचाच फोन आला. पक्षी कसा लागला, हे त्याला विचारायचं होतं. बाबांनी 'फार छान' म्हणून विषय संपवायला हवा होता. पण बाबांना तोंडावर खोटं बोलता येत नाही. त्यांनी हिंदीत सांगितलं की आज बायकोची पूजा असते, घरात मांस शिजत नाही, पक्षी बाल्कनीत आहे. मग बाबा दोनदा "जी" म्हणाले आणि फोन ठेवला.

"उद्या नमाजनंतर येतोय," ते म्हणाले. "इथे जेवायला."

आई सोफ्यावर बसली. मालक आमच्या घरी कधीच आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिने घट हलवला, हॉल पुसून घेतला आणि मग पक्षी किचनमध्ये आणू दिला. मांस काळपट लाल होतं, कोंबडीसारखं अजिबात नाही, आणि त्याला सुकलेल्या झुडपासारखा वास होता. "हा काय लवकर शिजत नाही," आई म्हणाली. तिने तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण आणि कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवला. मग कुकरमध्ये पाणी जास्त घालून शिजवलं. आमच्या घरी मटणाचा भात असाच होतो: आधी अळणी, म्हणजे मांसाचं बिनतिखटाचं पाणी, काढायचं, मग त्याच पाण्यात तांदूळ शिजवायचे. कुकर तिने तीनदा उघडला आणि तीनदा परत लावला. मी कांदा आणि सुकं खोबरं भाजलं. सोलापूरहून आलेला काळा मसाला तिने आधी नेहमीसारखा घातला, मग मालकाचा विचार करून वरून तूप सोडलं.

"तो आला की पाणी दे आणि आत ये," तिने मला सांगितलं. "घरातलं काही बोलायचं नाही. विचारलं तरी नाही."

मला ही सूचना द्यायची गरज नव्हती. शाळेतही मला बोलतं करायला टीचरना कष्ट पडायचे.

तो एकटाच आला. दारात चपला काढल्या, हॉलच्या सतरंजीवर बसला. आईने दोन ताटं वाढून पाठवली: भात, कांदा, लिंबू, वाटीत रस्सा. त्याने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं की मोठं भांडं नाही का. बाबांना कळेना. "एक बर्तन," तो म्हणाला. "सब साथ में."

मोठं भांडं म्हणजे घरात फक्त कणीक मळायची परात होती. आईने ती धुऊन, पुसून मला दिली. पातेल्यातला सगळा भात परातीत ओतला, मांस वर. दोघं समोरासमोर बसले आणि एकाच परातीत हात घातले. बाबांनी आयुष्यात कोणाच्या उष्ट्यात हात घातला नव्हता, माझ्यासुद्धा. मी किचनच्या दारातून बघत होते. आई माझ्या मागे उभी होती.

मालकाने पहिला घास सावकाश चावला. दुसऱ्यानंतर म्हणाला, "मिरची ज़्यादा है," आणि खातच राहिला. मग त्याने छातीचा सगळ्यात चांगला तुकडा हाताने सोडवला आणि बाबांच्या बाजूला ठेवला.

"अगं, पाहुणाच वाढतोय," आई माझ्या कानात म्हणाली. तिला ते अपमानासारखं वाटलं. तिने रस्स्याची वाटी देऊन मला बाहेर ढकललं.

मी वाटी ठेवली तेव्हा त्याने मान वर केली. "कौन सी क्लास?"

"ट्वेल्थ."

"इम्तिहान कब है?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा परातीत पाहत होते.

"मार्च," मी म्हणाले. मग त्याला पुरेसं कळलं नसेल असं वाटून, "टिल द एंड ऑफ मार्च."

मी इतकंच बोलले आणि आत आले. आईने माझं मनगट धरलं.

"तुमने बताया नहीं," मालक म्हणाला.

"आपने पूछा नहीं," बाबा म्हणाले.

मालकाने एक हाड चोखून परातीच्या कडेला ठेवलं. "जनवरी का लेटर बन गया था," तो म्हणाला. आवाज तसाच होता, मिरचीबद्दल बोलताना होता तसा. "मैं ने सोचा, पहले खाना भेजूँ. अच्छा आदमी है, ऐसे कैसे भेजूँ."

बाबांचा हात भातात थांबला होता. मग त्यांनी घास केला आणि खाल्ला. आजही मला त्यांच्याबद्दल काही सांगायला सांगितलं तर मी बहुधा एवढंच सांगेन, की त्यांनी तो घास खाल्ला.

"अप्रैल," मालक म्हणाला. "उस के बाद गोडाऊन बंद. खलास. मेरे पास भी नहीं है."

बाबा "शुक्रिया" म्हणाले. आईने सवयीने भात आणखी घ्यायचा आग्रह केला, दारातूनच, मराठीत. त्याला शब्द कळले नसतील, पण त्याने पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून मान हलवली.

तो गेल्यावर आई परात उचलायला आली. बराच भात उरला होता. उष्टा भात ती एरवी टाकून देते. त्या दिवशी तिने हाडं वेगळी केली, भात डब्यात भरला आणि रात्री आम्ही तिघांनी तो खाल्ला. मांस अजूनही जरा चिवट होतं. बाबा म्हणाले, आणखी एक शिट्टी हवी होती. आई म्हणाली, पुढच्या वेळी. मग तिने ताटं उचलली.

मी परीक्षा इथेच दिली. शेवटचा पेपर अकाउंट्सचा होता. बाहेर आले तर बाबा सेंटरच्या फाटकाशी उभे होते. कंपनीची गाडी आदल्या दिवशी परत केली होती, म्हणून आम्ही टॅक्सीने घरी आलो. पेपर कसा गेला, त्यांनी विचारलं. मी "ओके" म्हणाले. खरं तर फार चांगला गेला होता. घरी पोचलो तेव्हा आई हॉलमध्ये भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि मी युनिफॉर्म न बदलताच तिच्या शेजारी बसले.