बारवेचा गिलावा

मावळात कान्हे स्टेशनच्या पुढे, ओढ्याच्या काठाला आमच्या गावची बारव आहे. काळ्या दगडाची, चौकोनी, एका बाजूने उतरत जाणाऱ्या बत्तीस पायऱ्या. मी कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही. बांधणाऱ्यांनी दगडांच्या सांध्यांत चुना घातलेला नव्हता. नुसते घडीव दगड एकमेकांवर बसवलेले. लहानपणी भर उन्हाळ्यातही तळ कधी दिसला नाही.

मग गावाने तिचा जीर्णोद्धार केला. आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा, त्यावर निळा रंग. आमच्या बौद्ध वस्तीनेही वर्गणी दिली. माझ्या आजोबांना त्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. म्हणूनच वडिलांनी जास्त हौसेने दिली. बारव फारच देखणी दिसू लागली.

त्यानंतर वर्षागणिक पाणी खाली गेलं. सगळ्यांनी माळावर नव्याने आलेल्या बंगलेवाल्यांच्या बोअरना दोष दिला, मीही दिला. टँकर सुरू झाला, घरांना कुलपं लागू लागली. माझ्या बायकोने सरळ सांगितलं, "येत्या मे महिन्यात पुन्हा टँकरच असेल तर पोरींना घेऊन तळेगावला खोली बघायची. तुम्ही या, नाहीतर राहा." तिचं चुकत नव्हतं. हंडे तीच वाहत होती.

दिवाळीच्या सुट्टीत बारवेतला गिलाव्याचा एक पापुद्रा सुटून पडला. मागचा दगड ओला होता आणि सांध्यात शेवाळ धरलं होतं. वर सगळं कोरडं, पाऊस जाऊन महिना झालेला. मी तडक पारावर गेलो. तिथे आबा बसले होते. मोठे शेतकरी, गिलाव्याची वाळू त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणली होती.

"आबा, पाणी भिंतीमागं अडलंय. गिलावा काढावा लागेल."

"हुबं राहून करून घेतलाय म्या त्यो. रंग बगितला का, कसा टिकलाय?"

"रंग टिकलाय, पाणी नाही टिकलं."

"तुमी कंपनीवालं, भिंतीतनं बी हिशेब काडताय." पारावरचे हसले.

"एक वीत फोडू. कोरडं निघालं तर मी भरून देतो."

"आन् रंग?"

"रंगही माझा."

आबा काठी टेकत बारवेत उतरले, पारावरचे वर काठाला जमले. मी छिन्नी लावली. सिमेंटचा तुकडा निघाला आणि सांध्यातून पाण्याची बारीक धार आली, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. आबांनी ओंजळ धरली, चाखलं.

"एवडी वर्सं बुच मारून ठिवलंवतं आपन," ते म्हणाले. मग वर बघून काठावरच्यांना ओरडले, "हसताय काय? पहारी आना."

थंडीतले सगळे रविवार गिलावा काढण्यात गेले. दगडाला टवका जाऊ द्यायचा नाही, एवढी एकच अट. गावातल्या आणि आमच्या वस्तीतल्या बायकांनी राडारोडा वाहून ओढ्याकडची वाट भरली. पिंपरी-चिंचवडला गेलेली माणसं सुट्टीच्या दिवशी येऊ लागली, आणि जेवायला कुणाच्या घरी हे कुणी विचारेनासं झालं. वरच्या भिंतीवर निळ्या गिलाव्यात आबांच्या वडिलांचं नाव स्मरणार्थ कोरलेलं होतं. तिथे सगळे थांबले. आबांनी हातोडा मागून घेतला.

"माज्या बापाचं नाव हाय. दुसऱ्यानं नगं काडाया."

त्यांना तासभर लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

मे महिन्यात मी बायकोबरोबर बारवेत उतरलो. चौदा पायऱ्या उघड्या, म्हणजे अठरा पाण्याखाली. पाणी लहानपणाएवढं नाही, हे नोंदवायला हवं. पण त्या वर्षी गावात टँकर आला नाही आणि दोन घरांची कुलपं निघाली.

आबा वरच्या पायरीवर बसले होते. "काय गं सूनबाई, बगितली का तळेगावात खोली?"

"बघितली की आबा. तिथं पाणी एक दिवसाआड येतं."

"मंग आमी तुमाला पावनं म्हणून ठिवून घितो हितंच."

ती हसली, हंडा भरून निघाली. दुपारी घरामागे आळी करून तिने वांग्याची रोपं लावली, दोन ओळी. त्यांना फळ धरायला अडीच महिने लागतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.