समोरच्या दारातली मनी

समोरच्या बंद दाराशी मनी आजही चहाच्या वेळेला येऊन बसली आहे. त्या फ्लॅटमध्ये चार-पाच मुलं व्हिडिओ गेम बनवायची. त्यांच्या गेममध्ये हीच मनी उड्या मारायची, तुटक्या शेपटीसकट. एका मोठ्या कंपनीनं त्यांना विकत घेतलं तेव्हा त्यांनी जिनाभर पेढे वाटले. पुढे कंपनीनं गेम बासनात गुंडाळला आणि मुलांना घरी पाठवलं. आवडलं म्हणून घेतलं होतं म्हणे! आवडलेल्या गोष्टीचं असं करतात?

मनीचं चित्र काढणारी मुग्धा सामान न्यायला आली होती. मी म्हटलं, “मनीला घेऊन नवा गेम कर की.”

“नाही काकू, ती आता कंपनीची. मी तिचं चित्र काढलं तर नोटीस येईल.”

मी बशीत दूध ठेवलं. मनीनं नुसतं हुंगलं आणि पुन्हा कुलपाकडे तोंड करून बसली.